मगरिबनंतरचा दिलरुबा

जुबैदाला बाळंतपणासाठी घाटंजीहून माहेरी, दारव्ह्याला आणायचं ठरलं होतं. तिच्या आईने, अमिनाबीने, नव्या कापसाची लहानशी गादीही शिवून ठेवली होती. पण दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. सासरीच मुलगी झाली, आणि जुबैदाचं रक्त काही थांबेना. बैलगाडीत घालून तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेत होते, ती वाटेतच गेली.

माती झाल्यावर जावई कय्युम तान्हं लेकरू घेऊन दारव्ह्याला आला. घाटंजीत त्याचं कापडाचं दुकान होतं, घरात बाईमाणूस कोणी नव्हतं.

"अम्मी, तुम्हीच सांभाळा हिला," एवढंच तो म्हणाला.

अमिनाबीने लेकरू घेतलं. न्हाऊ घातलं, गादीवर निजवलं, नाव ठेवलं खैरुन. पण ती त्याच्या तोंडाकडे बघत नसे. हनुवटी, कपाळ, सगळं जुबैदाचं होतं. अमिनाबीचा नवरा अब्दुल गनी कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता. तो सकाळी जाई आणि दिवेलागणीला दाढीत कापसाचे तंतू घेऊन परत येई. दोघं एकाच घरात राहत, पण जेवताना पाणी मागण्यापलीकडे बोलणं उरलं नव्हतं.

दिवस मावळला की खैरुन रडायला लागे. शेजारच्या शेतकऱ्याची बायको विमलताई रोज गाईचं दूध आणून देई. तिने पोटाला हिंग लावून पाहिला, ओव्याचा शेक दिला. लेकरू निळं पडेपर्यंत रडत राही. अमिनाबी ते मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसे.

एका संध्याकाळी मगरिबची नमाज झाल्यावर अब्दुल गनीने खुंटीवरचा दिलरुबा काढला. तरुणपणी अचलपूरला मामूकडे राहून तो शिकला होता. जुबैदा लहान असताना त्याच्या गुडघ्याला टेकून ऐकत बसायची. तिचं लग्न झाल्यापासून वाद्य गवसणीतच होतं.

अमिनाबी चुलीपाशी होती. "घरात मय्यत झाली, अन् तुम्ही बाजा काढून राह्यले? लोक काय म्हनतीन?"

"लोक रोज लेकराचं रडनं ऐकून राह्यले," तो म्हणाला. "आज हे ऐकतीन."

त्याने गजाला राळ लावली, तारा जुळवल्या आणि यमन धरला. ताल नाही, घाई नाही. खालच्या निषादावर थांबून तो हळूच गंधारापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. खैरुनचं रडणं थोडा वेळ त्यावरून चालूच राहिलं. मग ते तुटक झालं. मग नुसते हुंदके. मग तेही लांबत गेले आणि लेकरू झोपलं. तव्यावरची भाकर करपली होती. अमिनाबी भाकरीकडे न बघता दारात येऊन उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी कंदील लवकर लावून तिने गादी स्वतःच नवऱ्याजवळ आणून टाकली.

तेव्हापासून मगरिबनंतर रोज दिलरुबा वाजू लागला. हळूहळू घरात शब्द परत आले. भाजी कोणती करू, जिनात आज काय झालं, असे साधेच. एकदा तो वाजवत असताना अमिनाबी म्हणाली, "जुबैदा हेच गुनगुनत भांडे घासे." माती झाल्यापासून मुलीचं नाव तिच्या तोंडून तो पहिल्यांदाच ऐकत होता. तो गज फिरवत राहिला. खैरुन मांडीवर जागी होती. अमिनाबीने खाली वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

विमलताई एकदा म्हणाली, "अमिनाबी, तुमच्या घरचं वाजनं सुरू झालं का आमच्या घरचे भांडनं बंद होतात."

खैरुन रांगायला लागली, दिलरुब्याच्या तारा ओढायला लागली. पुढच्या वर्षी कापसाची वेचणी संपल्यावर कय्युम आला. चहा झाला तरी त्याची मान खालीच होती.

"अम्मी, मी निकाह केला. तीच म्हनते, लेकरू घेऊन या."

"लेक तुझी हाय, बाबा. मी कोन अडवनारी?"

अमिनाबीने कपडे बांधले, गादी गुंडाळली. कय्युम लेकराला घेऊन दारात पोचला, तेव्हा ती मागून म्हणाली, "संध्याकाळी रडली तर..."

"तर काय करू, अम्मी?"

तिची नजर खुंटीकडे गेली. "उचलून घे," ती म्हणाली.

त्यानंतर दिलरुबा खुंटीवरच राहिला. अब्दुल गनीचा हात तिकडे जात नव्हता.

महिनाभराने अमिनाबी एस.टी.ने घाटंजीला जाऊन आली. परतली तेव्हा अंधारून येत होतं. अब्दुल गनी ओसरीवर वाट बघत होता.

"कशी हाय?"

"चांगली हाय. अंगानं भरली. चालाले लागली." ती पायरीवरच बसली. "म्या हात पुढं केले, तर दूर पयाली अन् नव्या मायच्या ओढनीत तोंड लपवलं. मले वळखलं नाई तिनं."

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली.

"बरं झालं. तिले माय भेटली. ती बाई चांगली हाय, मले चहा केला, पाया पडली." मग तिचा आवाज फाटला. "पन आपली जुबैदा कुठं गेली हो?"

आणि ती रडली. माती झाली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. अब्दुल गनी तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. मग तो आत गेला आणि दिलरुबा घेऊन तिच्या शेजारी, पायरीवरच बसला. तारा उतरल्या होत्या, त्या जुळवायला वेळ लागला. पहिला स्वर थरथरला. तिचं रडणं थांबेना, आणि त्यानेही गज थांबवला नाही. तो निषादावर रेंगाळला, गंधारावर गेला, पुन्हा षड्जाला आला. बऱ्याच वेळाने तिचा श्वास संथ झाला. तिने पदराने तोंड पुसलं आणि डोकं खांबाला टेकवलं.

त्याने गज खाली ठेवला.

"थांबू नका," ती डोळे न उघडता म्हणाली. "आज जेवाले उशीर होईन."