येते म्हण

दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा धंदा आहे आणि तो मी नेकीने करते. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. ऱ्हस्व-दीर्घ, लिंग-वचन, कुठे अनुस्वार पडला आणि कुठे उगाच चढला, सगळं मला एका नजरेत दिसतं, आणि दिसलं की गप्प बसवत नाही. देवव्रत म्हणतो, मैथिली, तुझ्याशी भांडायचं तर माणसाने आधी व्याकरण सांभाळावं. सांभाळावंच की. भाषा काय रस्त्यावर पडली आहे?

हे घर आम्ही घेतलं ते अनुयासाठी. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये मी नुसती दूध आणायला खाली निघाले तरी माझी ही सहा वर्षांची पोर दाराला लटकायची, आणि शाळेच्या फाटकाशी तर असा आकांत मांडायची की वॉचमनसुद्धा तोंड फिरवायचा. आई गेली की परत येत नाही, असं काहीतरी तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. कुठून आणि कधी, ते कुणालाच कळलं नाही. डॉक्टर झाले, समुपदेशक झाल्या. जरा जागा बदलून बघा, असं त्यांतल्या एकीने सुचवलं, आणि आम्ही नागावला भाऊंचं घर पाहायला आलो.

भाऊ अलिबागच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. पत्नी अनुसूयाबाई वारल्यावर ते या घरात एकटेच राहत होते, आणि मुलगा सलिल त्यांना डोंबिवलीला घेऊन जायला टपलेला होता. चिऱ्याचं जोतं, वर कौलं, पुढे ओटी, मधे माजघर, मागे पडवी आणि पडवीमागे सुपारीची वाडी, असं सरळ रेषेतलं घर. ओटीवर उभं राहिलं की आरपार थेट वाडीतला उजेड दिसतो. आम्ही गोठ्याची न्हाणी केली, माळ्यावर देवव्रतचं ऑफिस आणि वायफाय बसवलं, माजघरात काळ्या दगडाचा ओटा, चिमणी, फ्रीज आणला. सागवानी खांब, देवळ्या, पितळी कड्या मात्र जशाच्या तशा ठेवल्या. इतकंच काय, ओटीवरच्या खुंटीला भाऊंची काळी छत्री विसरून राहिली होती तीसुद्धा काढली नाही. आर्किटेक्ट म्हणाला, राहू दे, कॅरेक्टर आहे. आता छत्रीला कसलं आलंय कॅरेक्टर! पण राहिली.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी कंबर कसून तयार होते. व्हॅन फाटकाशी आली. अनुया दप्तर पाठीला लावून ओटीच्या कडेला थांबली, आत वळून ‘येते’ म्हणाली, क्षणभर कान देऊन उभी राहिली, आणि उड्या मारत जाऊन व्हॅनमध्ये बसली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही बयेने. जिवात जीव येणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. आत येऊन भाजी चिरताना मी पोटभर रडले, कांद्याचं निमित्त करून.

संध्याकाळी मी विचारलं, येते म्हणायला कुणी शिकवलं गं? आमच्याकडे तर ‘बाय’ चालतं. तिने मलाच समजावून सांगितलं की जाते म्हणायचं नसतं, येते म्हणायचं, म्हणजे मग ती ‘ये’ म्हणते, आणि एकदा ‘ये’ म्हटलं की माणूस येतंच.

“ती म्हणजे कोण?”

“माजघरातली,” अनुया म्हणाली, आणि वरणभातात लिंबू पिळायला लागली.

मला वाटलं, कृष्णाबाई असतील, वाडीतला पाला झाडायला येतात त्या. पण कृष्णाबाई येतात दुपारी. मग मी फार खोलात शिरले नाही. मूल रडत नाही, हे माझ्यासाठी इतकं मोठं होतं की बाकी कुणी काय म्हणतं याची चौकशी करायला मी काय वेडी होते? पुढे तर तो आमचा करारच होऊन बसला. मी कुठेही निघाले की अनुया ओटीवर येऊन बजावायची, “येते म्हण.” मी म्हणायचे. ती कान द्यायची, मान हलवायची आणि मला सोडायची. देवव्रत आठवड्यातून दोनदा मांडव्याहून बोटीने मुंबईला जातो. तो मात्र ‘चल, निघतो’ म्हणायचा आणि लेकीची बोलणी खायचा.

मग एकदा घरात कुणी नसताना मी बाजाराला निघाले, आणि सवयीने आत बघून ‘येते’ म्हणाले. आतून उत्तर आलं. “ये.” बाईचा आवाज, जरासा दमलेला, हातातलं काम न सोडता, मान वर न करता म्हटल्यासारखा. मी चपला घातलेल्या पायांनी तशीच आत गेले. फ्रीज घुरघुरत होता, पाण्याचा फिल्टर ठिबकत होता, ओट्यावर सकाळचं पोळपाट-लाटणं. दुसरं काही नाही. घाबरायला हवं होतं, मला कळत होतं ते. पण माझी आई गेल्यापासून मला असं ‘ये’ कुणी म्हटलेलं नव्हतं, आणि मला फार, फार बरं वाटलं. बाजारातून मी जरा लवकरच परत आले.

थंडी सरत आली होती तेव्हा भाऊंचा फोन आला. आजाराने अंथरुणाला खिळले होते, शब्द जड झाले होते; घराबद्दल, सुपारीबद्दल, विहिरीच्या पंपाबद्दल विचारून झालं आणि मग ते मुद्द्यावर आले.

“मुली, निघताना मी ‘जातो’ म्हणालो.”

मला आधी काही उमगेना. मग त्यांनी सावकाश सांगितलं. नोकरीची सगळी वर्षं ते ओटीवरून ‘येतो’ म्हणत सायकलला टांग मारायचे आणि आतून अनुसूयाबाई ‘या’ म्हणायच्या; कधी बाहेर आल्या नाहीत, चुलीवर नेहमी काहीतरी असायचंच. त्या गेल्यावरही भाऊंनी म्हणायचं सोडलं नाही. आणि त्यांनाही... इथे त्यांना खोकला आला, आणि ते वाक्य त्यांनी पुरं केलंच नाही. घर सोडायच्या दिवशी टेम्पोवाला हॉर्न मारत होता, सलिल घाई करत होता, किल्ल्या माझ्या हातात देताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, चला, जातो. मागून काहीच आलं नाही. तेव्हापासून त्यांना झोप नव्हती.

“माझ्यासाठी एकदा म्हणशील? निरोप नको देऊस, भाऊ येतो म्हणाले वगैरे. माझ्यासारखं म्हण.”

मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी अनुया शाळेत आणि देवव्रत मुंबईला गेल्यावर मी ओटीवर उभी राहिले, जिथे ते उभे राहत असतील असं वाटलं तिथे, खुंटीपाशी. स्वतःचंच हसू येत होतं. ‘येतो,’ मी म्हणाले. जिभेला तो ‘तो’ खड्यासारखा लागला. आत सगळं गप्प. मग मी घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, बाहेर सायकल उभी असावी तशा घाईने.

“या.”

मला एवढ्या वेळा ‘ये’ म्हणालेला आवाज तोच होता, पण हे ‘या’ म्हणताना तो असा काही हलला की मी खांबाला धरून खाली बसले. आनंद होता तो. कितीतरी दिवस दाराकडे कान लावून बसलेल्या बाईचा आनंद. मी डोळे पुसले आणि लगेच भाऊंना फोन लावला, त्यांना सांगायला की आलं हो, आलं उत्तर. फोन सलिलने उचलला. भाऊ गेले, तो म्हणाला. आत्ताच, झोपेत, शांतपणे. मी त्याला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय होते?

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. घर कधी नव्हे इतकं आपलं वाटायला लागलं. चहा मी बशीत ओतून पिऊ लागले, कारण तो तसाच चांगला लागतो. विहिरीचा पंप अडला की कुठे चापट मारायची ते हाताला आपोआप कळायचं. देवव्रतने फोनवर जेवलीस का विचारलं तर म्हणे मी ‘जेवलो’ म्हणाले, आणि तो खो खो हसला, काय गं, कोल्हापूरची झालीस? तिकडच्या बायका बोलतात म्हणे तसं. मी त्याला ठणकावलं की माझ्या तोंडून असली चूक जन्मात होणार नाही, कानात बोळे घातले असशील. त्याने विषय सोडून दिला.

अनुयाने मात्र नाही सोडला. ती मधेच म्हणायची, “आई, ‘बसले’ म्हण.” मी म्हणायचे, बसलेच म्हटलं ना राणी. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. आणि एके दिवशी, इतक्या महिन्यांनी, शाळेची व्हॅन फाटकाशी उभी असताना तिने पुन्हा माझ्या साडीचा पदर मुठीत आवळला. सगळं पुन्हा पहिल्यापासून? मी तिच्यासमोर उकिडवी बसले, तिचं नाक पुसलं, आणि विचारलं की काय झालं माझ्या सोन्याला.

“तू गेलीस तर तूच परत येशील ना?”

“मीच. दुसरं कोण येणार?”

ती व्हॅनमध्ये जाऊन बसली. दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. पोरीच्या त्या मुठीसाठीच तर आम्ही इथवर आलो होतो, आणि ती मूठ सुटली होती, ती पुन्हा आवळली जाऊ नये एवढीच माझी देवाकडे मागणी होती. मी ठरवलं, आता बाहेर पडायचं तर तिच्यादेखत, नीट, तिला ऐकू येईल असं ‘येते’ म्हणून पडायचं. आणि वेळेवर परतायचं.

होळीच्या आधी मला मुंबईला जावंच लागलं; पाचवीचं पुस्तक छपाईला निघालं होतं आणि शेवटची मुद्रितं तिथेच बसून बघायची होती. सकाळची बोट धरायची, संध्याकाळी घरी. अनुयाला सुट्टी होती, देवव्रत माळ्यावर मीटिंगमध्ये. मी डबा भरला, केस विंचरले, आणि ओटीवर आले. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, वाडीतल्या सुपाऱ्या जागच्या हलत नव्हत्या. रिक्षा फाटकाशी येऊन थांबली होती. अनुया खांबाला टेकून उभी होती, पदराला हात न लावता, दोन्ही हात मागे बांधून. किती धीर एकवटला होता तिने, ते तिच्या ओठांवर दिसत होतं. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

“येते म्हण,” ती म्हणाली.

मी आत वळले, माजघराच्या अंधाराकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हटलं.

“या,” आतून आलं.

अनुयाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ती रडली नाही. तिने एकदा माजघराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि अगदी हलक्या आवाजात, कुणाचं मन दुखवू नये म्हणून बोलावं तशी म्हणाली, “हे आई नाही म्हणाली.”

“म्हणालो की गं,” मी हसून म्हणालो, खुंटीवरची छत्री काढून काखेत मारली, आणि पायऱ्या उतरलो.