माझं तोंड सोडून रंगवा

मी बोलतोय ट्रकच्या पोटाखालून. आवाज बारीक वाटला तर सांभाळून घ्या. मुळात अंगच माझं अंगठ्याच्या पेराएवढं. मी ब्रीदर. पितळेचा, डोक्यावर सैल टोपी. मागच्या अ‍ॅक्सलच्या माथ्यावर मला बसवलं त्याला वीस वर्षं झाली. ट्रक पळाला की आतलं ऑइल तापतं, हवा फुगते; ती मी बाहेर सोडायची. ट्रक निवला की परत आत घ्यायची. टायरखाली निदान लिंबू तरी ठेवतात, माझं मात्र कित्येक ड्रायव्हरांना नावही ठाऊक नसतं.

मालक शिरूरचे इसहाक. दौंडकडच्या गुऱ्हाळांवर गूळ भरायचा आणि शिरूरच्या मार्केट यार्डात उतरवायचा, हा त्यांचा धंदा. शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा लिडियाबाई, त्यांची बायको, मांडीवर डबा घेऊन.

इसहाकांचा ट्रकवर भारी जीव. नाताळात घर रंगवून झालं की ट्रकची पाळी. फाळका लाल, बंपर पिवळा, आणि पाठीवर झोपून अ‍ॅक्सलला चंदेरी रंग, तोही स्वतःच्या हातानं. ब्रश माझ्यावरूनही फिरायचा. पहिल्या वर्षी मी मिरवलो. तिसऱ्या वर्षी टोपी हलेना. पाचव्या वर्षी तोंडच बंद झालं. वरून मी चांदीचा, आतून जीव कासावीस!

माझ्याकडून वाट मिळेना, तेव्हा हवा ऑइलला ढकलत चाकाच्या सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून, बाहेर पडू लागली. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाला घासून थांबवणारे पट्टे, तेलकट झाले. न्हावऱ्याजवळ शेळ्या आडव्या आल्या आणि इसहाकांनी ब्रेक दाबला, तर ट्रक तिरका होत बराच लांब जाऊन थांबला. शेळ्या वाचल्या, पण इसहाकांनी ट्रक तिथून हळूहळू थेट गॅरेजला नेला.

दौंडच्या सोपानराव मिस्त्रींनी सील बदललं. महिन्यात पुन्हा गळती. पुन्हा सील. तिसऱ्यांदाही तेच. "अहो, जरा वर बघा!" असं मला ओरडायचं होतं, पण तोंड कुठं उघडत होतं?

"ट्रक म्हातारा झाला, इसहाकराव," सोपानराव म्हणाले.

"सणसवाडीचं गिऱ्हाईक रविवारी येतंय. देऊन टाकतो," इसहाक म्हणाले. "ब्रेकशी खेळ नगं." बोलताना त्यांचा हात फाळक्यावरून फिरत होता. मला फार वाईट वाटलं.

गॅरेजच्या दारातून लिडियाबाई पुढं आल्या. "मिस्त्री, कुकरची शिट्टी तुंबली की वाफ झाकणाच्या कडेनं फुसफुसती. रबर किती बी बदला, थांबत न्हाई. ह्याला शिट्टी कुठं हाय?"

सोपानराव लगेच उठले. मग पाना घेऊन ट्रकखाली शिरले आणि नखानं चंदेरी थर खरवडू लागले. "वैनी, शिट्टी हाय की! वर रंगाचं लिंपण बसलंय!" त्यांनी मला फिरवलं, आणि फुस्स! असा मोकळा श्वास मी कित्येक वर्षांत घेतला नव्हता.

इसहाक ओशाळले. "म्हंजी मीच गळा दाबला व्हय त्याचा?"

"मायेनं दाबला," लिडियाबाई हसल्या, "पर दाबला तुम्हीच."

मी बसायचो त्या भोकाचे आटे गंजून झडले होते. लोखंडाचा कीस आत पडू नये म्हणून सोपानरावांनी आटे पाडायच्या टॅपला ग्रीस फासलं आणि जरा मोठे, नवे आटे पाडले. तिथं नवा, जाडजूड ब्रीदर बसला. सील-लायनरही नवे पडले. आता आपण भंगारात, असं मी धरून चाललो होतो. पण गिअरबॉक्सवर ब्रीदरच्या जागी चिंधी कोंबलेली निघाली. मला डिझेलनं धुऊन तिथं बसवलं. मागच्या चिखलातून थेट केबिनखाली! माझी बढतीच झाली. इसहाकांनी लगेच गिऱ्हाइकाला फोन लावला, "ट्रक इकायचा न्हाई."

गळती तेव्हापासून बंद आहे. तुमच्या गाडीखालीही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला हवं तेवढं नटवा, पण एकदा त्याची टोपी हलवून बघा.

परवा पुन्हा नाताळ आला. चंदेरी ब्रश जवळ येताना पाहून मी घाबरलो. पण इसहाकांनी माझ्या डोक्यावर अंगठा ठेवला, घट्ट, आणि भोवतीनं ब्रश फिरवला.

नाताळच्या सकाळी चर्चला निघताना वरून लिडियाबाईंचा आवाज आला, "अवं, अंगठा तरी धुवायचा! चंदेरी दिसतोय."

"ऱ्हाऊ दे," इसहाक म्हणाले, "त्याचं तोंड मोकळं हाय न्हवं."