सोळा परस

एक परस म्हणजे एक उभा माणूस. कळमनुरीच्या घड्याळवाल्या नासेरच्या दुकानातली घड्याळं कधीच एक वेळ दाखवत नाहीत. पुनमचंदच्या तांड्यावरची विहीर आठ परस खोल आहे.

२००३ साली प्रेमदासला बंदरावर काम लागलं. पाठीवर हवेची टाकी बांधून जहाजांचे तळ घासायचे. टाकी किती वेळ पुरते ते ठेकेदार सांगणार, घड्याळ मात्र ज्याचं त्यानं आणायचं.

त्याचा बाप पुनमचंद विहिरी खणायचा. लेकाला घेऊन तो कळमनुरीला नासेरच्या दुकानात गेला आणि जाड काचेचं, स्वस्तातलं घड्याळ त्यानं उलटं केलं.

"मागं काय लिहिलंय, नासेरभाई?"

"पाण्यात तीस मीटर."

"म्हंजी सोळा परस. आन् बंदर किती खोल हाय रं?"

"सात परस," प्रेमदास हसला. "बा, मी काय पाताळात चाललो?"

"दोनशे मीटरचं पन है, पुनमचंदभाऊ. महाग है."

"येवढी खोल विहीर कुनाची? हेच द्या."

दिवाळीनंतर प्रेमदासचं प्रेत आलं. घड्याळात पाणी शिरून काटे थांबले होते. अजून वेळ आहे असं समजून तो खालीच राहिला होता.

पुनमचंदनं घड्याळ नासेरपुढं ठेवलं. नासेरनं माल पाठवणाऱ्या शहरातल्या व्यापाऱ्याला फोन लावला, त्याचं ऐकलं आणि फोन ठेवून पुनमचंदकडं वळला.

"तीस म्हणजे हात धुण्यापुरतं, भाऊ. बुडीला दोनशेचंच लागतं."

"मंग तीस मीटर काहून लिहिलं?"

नासेरनं घड्याळ उलटं करून मागचा आकडा पुन्हा वाचला. दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी पुनमचंद तिथून उठला नाही.

घड्याळ घेतलं त्या दिवशी प्रेमदास ते घालून तांड्याच्या काठोकाठ भरलेल्या विहिरीचा तळ गाठून आला होता, आणि वर आल्यावरही ते चालू होतं.