सायकलींजवळचं डबकं

मेरेते नळकाम करायची. बावीस वर्षं तिनं थिस्टेड गावच्या घराघरांत पाइप जोडले होते, पण शाळेनं बोलावलं म्हणून सातवीच्या वर्गापुढे ती पहिल्यांदाच उभी होती. घसा खाकरून तिनं विचारलं, "या शाळेत तुम्हाला सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो?"

"डबक्याचा!" वर्ग ओरडला.

सायकली लावायच्या जागेशेजारी कायम पाणी साचायचं. गटाराची जाळी चार पावलांवर, पण पाणी तिकडे ढुंकूनही बघायचं नाही. मुख्याध्यापक हेनिंगनं गटार तीनदा साफ करवून घेतलं होतं.

मेरेतेनं लांब पारदर्शक नळी काढून तिच्यात लाल पाणी भरलं. "नळीची टोकं कुठंही न्या, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला थांबतं. आता जमीन कुठं उंच, कुठं खोल, ते तुम्हीच शोधा."

तासभर मोजून आस्टा नावाच्या मुलीनं आकडा वाचला: जाळी डबक्यापेक्षा नऊ सेंटीमीटर खाली.

मोजणी बघायला आलेला हेनिंग हसला. "म्हणजे उतार बरोबरच आहे. मी म्हणत नव्हतो? चला, जेवायची वेळ झाली."

मेरेतेचे कान तापले. समोर साचलेलं पाणीच सांगत होतं की आकडा चुकलाय. "पाणी खोटं बोलत नाही, हेनिंग. चूक आपलीच आहे, आणि ती सापडेपर्यंत मी हलणार नाही. ज्यांना भूक लागलीय त्यांनी जावं."

कोणी गेलं नाही. राय धान्याच्या काळ्या पावाचे डबे सायकलींवरच उघडले गेले.

नळी चाचपत गेलेली आस्टा एकदम थबकली. सायकलींच्या आड नळी लोखंडी कठड्यावरून वर जाऊन खाली उतरत होती. तिथं वीतभर हवा अडकली होती.

"मेरेते, इथं पाणी मधेच तुटलंय! मग आकडा कसा खरा येणार?"

"ती हवा घालव."

नळी झटकून, टिचक्या मारून मुलांनी हवा बाहेर काढली आणि पुन्हा मोजलं. जाळी तीन सेंटीमीटर वर निघाली. आस्टानं टोकांची अदलाबदल करून तिसऱ्यांदा मोजलं. तेच.

"तीनदा साफ केलं मी ते गटार," हेनिंग पुटपुटला.

"साफ केलंस, पण पाणी चढ कसं चढणार?" आस्टा म्हणाली; इथं मुलं मुख्याध्यापकालाही एकेरीतच बोलायची. तोही हसला.

पुढच्या गुरुवारी मुलांनी फरशा उचलल्या, मेरेतेनं जाळी खाली घेतली. आस्टानं बसवलेली शेवटची फरशी पातळीत बसेना, म्हणून तिनं ती दोनदा उचलायला लावली. मग बादलीभर पाणी ओतलं. ते सरळ जाळीत गेलं.

"पुढच्या वर्षी शाळेच्या काम शिकायच्या आठवड्यात तुझ्याकडे येऊ?" आस्टानं विचारलं.

"साडेसहाला निघते मी. सकाळी."

"सव्वासहाला येते."