वायरींचे मोजे

"सात नंबर गेलाय," कॉय उशीवरूनच म्हणाला.

नोवेला त्याला ताकात कुस्करलेला मक्याचा पाव चमच्याने भरवत होती. तिला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग टेकडीवरून उतरणाऱ्या गाडीचा आवाज आला, फडफडत, मध्येच अडखळत. आठातला एक सिलिंडर मेला होता. कॉयच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती, छातीचा नुसता भाता झाला होता, अंगावर मूठभर मांस उरलं नव्हतं. कान मात्र शाबूत होते.

गाडी टॅलमेजची. म्हणजे आता त्याची. पंधरा वर्षं कॉयने ती लाल मातीच्या गोल ट्रॅकवर या टॅलमेजच्याच पुढे पळवली, आणि ओसरीच्या चार पायऱ्या चढताना दम लागायला लागला तेव्हा त्यालाच देऊन टाकली.

टॅलमेज टोपी हातात घेऊन आत आला. "काय म्हाताऱ्या, आहेस का अजून? या तुझ्या खटाऱ्याने भर रस्त्यात नाक कापलं माझं. उद्या जत्रेत जुन्या गाड्यांची फेरी आहे."

"वायर हेडरला टेकली असेल."

"टेकली कसली, वितळून चिकटलीय." टॅलमेज नोवेलाकडे वळला. "मिस नोवेला, तुमचे ते मोजे आहेत का हो एखाददुसरे? बाजारच्या मोज्यांत तो दम नाही."

चमचा वाटीवर वाजला. "संपले," ती म्हणाली.

त्या मोज्यांनी तिला एके काळी नाव मिळवून दिलं होतं. लग्नाआधीपासून ती गावातल्या गिरणीत अ‍ॅस्बेस्टॉसच्या मागावर कामाला होती. दगडाची लोकर म्हणत सगळे त्याला. कामाची पाळी सुटली की बायका पिठात लोळल्यासारख्या पांढऱ्या होऊन बाहेर पडत आणि एकमेकींना हसत. कॉय तेव्हा पेट्रोलपंपावर मेकॅनिक होता, शनिवारी शर्यती करायचा. इंजिनाच्या दोन्ही अंगांनी निघणारे हेडरचे पाइप तापून लाल होत, आणि त्यांच्या शेजारून जाणाऱ्या प्लगच्या वायरी जळून तो जिंकत आलेली शर्यत हरायचा. नोवेलाने एकदा गिरणीतले उरलेले तुकडे घरी आणले, मशीनवर त्यांच्या लांब नळ्या शिवल्या आणि वायरींवर चढवल्या. त्यानंतर कॉयची वायर कधी जळली नाही. हळूहळू ट्रॅकवरची सगळी मंडळी तिच्याकडे मोजे मागायला यायला लागली. कॉय मागच्या शेडमधल्या बाकावर बसून ते मापाने कापायचा, टोकं फुंकून साफ करायचा आणि ऐटीत सांगायचा, "माझ्या बायकोचा माल आहे. आग लागत नाही, उंदीरसुद्धा तोंड लावत नाहीत."

आणि संध्याकाळी ती दमून आली की तो तिच्या अंगावरचा एप्रन स्वतः काढायचा आणि ओसरीच्या कठड्यावर चांगला दहा वेळा झटकायचा. आसपासच्या नवऱ्यांत असं करणारा तो एकटाच. तिला त्याचं फार कौतुक वाटे. ती पायरीवर बसून बघत राही. उन्हात धूळ कशी चमकायची.

मार्चमध्ये इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून विचारलं होतं, यांनी कधी गिरणीत काम केलंय का. ती नाही म्हणाली. मग त्यांनी विचारलं, तुम्ही? ती बोलत गेली तसे ते लिहीत गेले, आणि मोज्यांपर्यंत आली तेव्हा त्यांनी लिहायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं. ती धूळ फुप्फुसात बसते, गिरणीतल्या काही जणींच्या घरी असंच झालंय, ते हलक्या आवाजात म्हणाले. घरी परतताना कॉयने विचारलं होतं, काय म्हणत होता गं? तिने सांगितलं, वय झालं म्हणाला. तो तिला दोष न देता जावा, एवढं एकच मागणं तिने तेव्हापासून देवाकडे लावून धरलं होतं.

"संपले कसे?" टॅलमेज म्हणाला. "सोडा बिस्किटांचा तो हिरवा डबा गाडी नेताना मी पाहिलाय. बाकाखाली होता. आणतो ना मी."

"तू बस," नोवेला घाईने उठली. "मी बघते."

शेडमध्ये बाकाखाली डबा होता. सात महिने तो पुरून टाकायचं ती मनात आणत होती, पण त्याला हात लावायचं धाडस झालं नव्हतं. आता तिने झाकण उचललं.

डबा रिकामा होता. आतून ओल्या फडक्याने कोपऱ्याकोपऱ्यांतून पुसलेला. फडकं वरच्या खिळ्यावर वाळून कडक झालं होतं.

एप्रिलमध्ये कॉय एकदा काठी टेकत इथे आला होता. हत्यारांचा निरोप घेतो म्हणाला आणि तासभर आत राहिला. गुडघे लाल मातीने माखून परत आला तेव्हा ती केवढी रागावली होती. इस्पितळातलं ते दार अर्धवट उघडं होतं, हे तिला आत्ता आठवलं.

ती खाली बसली. तिला खोकला आला, तो तिने पदरासारखा एप्रनचा कोपरा तोंडाशी धरून दाबला.

परत आली तेव्हा कॉय थांबत थांबत बोलत होता. "मोजे नकोत. झाकायचं नाहीच. वायर वर उचल... इंजिनाच्या झाकणावरून फिरव... बांधून टाक. पाइपापासून दोन बोटं लांब. मी तेव्हाच असं करायला हवं होतं."

"मिळाले का?" टॅलमेजने विचारलं.

"उंदरांनी खाल्ले," नोवेला म्हणाली.

टॅलमेज हसायला लागला आणि कोणीच हसत नाही हे पाहून त्याने टोपी डोक्यावर चढवली.

कॉयने तिच्याकडे पाहिलं. "उंदरांचं काही सांगता येत नाही," तो म्हणाला.

टॅलमेज बाहेर गेला. खोक्यातून नवी वायर काढून त्याने सांगितल्यासारखी बांधली. नोवेला पलंगाजवळच्या खुर्चीत बसून होती. तिला पुष्कळ काही बोलायचं होतं. ताकातला पाव फुगून वाटीच्या काठाशी आला होता.

इंजिन सुरू झालं. कॉयने डोळे मिटले आणि गोधडीवर एकेक बोट उघडत गेला. एका हाताची पाच झाली, मग दुसऱ्या हाताची. सहा. सात. थोडा वेळ तो कान देऊन थांबला. आठ.

गाडी टेकडी चढून गेली. तिचा आवाज संपला तसा खोलीत त्याच्या श्वासाचा आवाज मोठा झाला. त्याला झोप लागली होती. आठ बोटं तशीच उघडी राहिली होती. नोवेलाने ती एकेक करून मिटवली.