खांबातलं कुंकू

मंगळवारी कामरगावच्या देवीच्या सभामंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. चौथ्या खांबातून कुंकवाचं पाणी पाझरत होतं! जगदेव महाराजांनी त्यावर चिमटा आपटला की आतून ‘ढब्ब’ असा हुंकार यायचा. बाकीचे खांब पापी. ते नुसतेच ‘टण्ण’ वाजायचे.

“ऐकलं? देवी बोलून राह्यली!” महाराज गरजले. “इथं टेकून बसलेल्या लेकराले ताप येनार नाही!”

झालं. अंगणवाडीची मदतनीस पंचफुलाबाईनं वीस लेकरं त्याच खांबाभोवती बसवली. त्यात तिची नातही होती.

गावची लेक तनुजा माहेरी आली होती. वाशिमला ती जुन्या इमारतींची मजबुती तपासायची. खांब पाहून ती दचकलीच.

“मावशी, लेकरं बाहेर काढ.”

“काहून? देवीपासून लेकराईले धोका हाय?”

“देवीपासून नाही, खांबापासून.”

लेकरं बाहेर गेली. तनुजानं टॉर्चएवढा स्प्रिंगचा हातोडा काढला. खांबावर दाबला की आतला दांडा आदळून उसळतो. काँक्रीट घट्ट, तर उसळी मोठी. पापी खांबांवर उसळीचा आकडा आला अडतीस. देवीच्या खांबावर चौदा.

“यंत्राले देवीचं काय समजते?” महाराज हसले.

“मंग डोयानं पाहा.”

आधी तिनं छताला लोखंडी टेकू लावून घेतले, मग छिन्नीनं गिलावा उडवला. मागे पोकळी. गंजून फुगलेल्या सळया. छतावरची टाकी गळत होती, पाणी गंज घेऊन उतरत होतं. ते झालं कुंकू. पोकळी वाजायची, तो हुंकार. महाराजांनी खांब ठोकून पोकळ तेवढा निवडला होता. गवंडीही पोकळ फरशी अशीच ठोकून ओळखतो, फक्त तो पाया पडून घेत नाही.

पंचफुलाबाईनं काँक्रीटचं ढेकूळ उचललं. बोटांत त्याचा भुगा झाला.

“अन् मी नातीले याले टेकवून बसवलं!” ती महाराजांकडे वळली. “तुमाले तं आतलं दिसते ना? मंग हे काहून नाही दिसलं?”

महाराजांना नेमकी तेव्हाच कारंज्याच्या भक्तांची हाक ऐकू आली. मिळाली ती जीप त्यांनी पकडली.

लोकहो, देवाला खुशाल हात जोडा. पण हात जोडून छत तोललं जात नाही. खांब पाझरला तर खाली वाटी लावू नका. लेकरं बाहेर काढा आणि तपासणारा माणूस बोलवा.