गप्पी सोडले

"टाका की, डाक्टर. आता कुनासाठी नको म्हनू?" साळूबाई म्हणाली आणि सिमेंटच्या टाकीवरचा पत्रा तिनं स्वतःच बाजूला ओढला.

कानिफनाथ डॉक्टर नव्हता. एकतीस वर्षं तो आरोग्य सेवक म्हणून पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांवर हिंडत होता. कुणाला ताप आहे का विचारायचं, रक्ताचे नमुने घ्यायचे, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे पाण्याच्या टाक्यांत सोडायचे. निवृत्तीला पाच महिने उरले होते. गुडघे गेले होते. आज सकाळपासून हेच घर तो पुढं ढकलत आला होता.

गेल्या वर्षीही दिवस हेच होते. दिवाळी उरकून साळूबाईचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले होते. घरात ती आणि नऊ वर्षांची नात संस्कृती. साळूबाई तेव्हा टाकीपुढं आडवीच आली होती. "गळ्यात माळ हाय माझ्या. माशाचं पानी आमी प्यायचं व्हय?"

त्या दिवशी कानिफनाथ आधीच बारा घरी हुज्जत घालून आला होता. तेराव्या घरी त्याच्यात बळ उरलं नाही. त्यानं रजिस्टरात खूण केली, भिंतीवर खडूनं तारीख टाकून 'गप्पी सोडले' असं लिहिलं आणि पुढं निघाला. तीन आठवड्यांनी संस्कृतीला डेंग्यू झाला. नगरला पोचेपर्यंत उशीर झाला होता. चौकशीला आलेल्या साहेबांनी भिंतीवरचं वाचलं, मान हलवली आणि ते गेले. डास त्याच टाकीतला की शेजारच्या फुटक्या टायरातला, हे कुणीच सांगू शकलं नसतं. पण कानिफनाथला त्यानंतर धड झोप लागली नाही.

यंदा उन्हाळ्यात टँकर आला नाही आणि उपकेंद्रामागच्या हौदात पाळलेले गप्पी चिखलात तडफडून मेले. नवे आणायला तो सुटीच्या दिवशी केडगावला गेला. तिथं शामकांत मास्तर निवृत्तीनंतर हौसेनं गप्पी पाळत. बारा काचपेट्या, प्रत्येकीत वेगळी जात. कुणी लाल शेपटीचे, कुणाच्या अंगावर नागाच्या कातडीसारखी नक्षी, कुणाचं मागचं अर्धं अंग काळंभोर.

"एकत्र सोडलेत तर चार पिढ्यांत रंग जातील हो," मास्तर म्हणाले होते. "सगळे मातकट होतील."

"पण अळ्या खातील ना?"

"खातील की." मास्तरांचा हात लाल शेपटीवाल्यांच्या पेटीवर जरा थबकला. मग त्यांनी जाळी बुडवली. प्रत्येक पेटीतून थोडे थोडे त्यांनी दिले.

आता साळूबाई त्याच्या हातातल्या बरणीत डोकावली. "रंगीत हायेत की!"

"व्हय मावशी. रंगाचे ते नर. ही मोठी, साधी दिसती ती मादी. पोटापाशी काळा डाग दिसतोय? ही अंडी न्हाई घालत. सरळ जिती पिलं देती."

"मंजी लेकुरवाळी व्हनार?"

"आठ-धा दिसांत."

कानिफनाथनं बरणी टाकीच्या कडेवर ठेवली. वर्षभर मनात घोळवलेलं बोलणं ऐन वेळी सगळं विस्कटलं. "मावशी, गेल्या साली मी मासं सोडलं नव्हतं. भितीवर मात्र सोडलं म्हनून लिवलं. तुमी नको म्हनलात, पर मला समजावता आलं असतं. दमलो हुतो."

साळूबाई धुण्याच्या दगडावर बसली. 

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "मला कुठलं वाचाया येतंय? पोरीनं वाचलं. म्हनली, आजी, डाक्टरनं मासं सोडल्यात. म्या म्हनलं, न्हाई गं. तिला वाटलं आजीच खोटं बोलती. दोन दिस टाकीत वाकून मासं हुडकत हुती."

कानिफनाथला वर बघवेना.

"म्या नको म्हनलं, तुमी खोटं लिवलं," साळूबाई म्हणाली. "आता कुनी कुनाला काय म्हनायचं? सोडा."

त्यानं बरणी पाण्याला टेकवून तिरकी केली. मासे एकेक करून बाहेर पडले, जरा घुटमळले आणि तळाकडं गेले. "पानी फडक्यानं गाळून घेत जा," एवढंच तो बोलला. वस्तीवरची अजून चार घरं राहिली होती. त्यानं मोटारसायकल ढकलत रस्त्याला आणली आणि मागं वळून पाहिलं.

साळूबाईनं कळशी टाकीत बुडवली होती. एक मासा आत शिरला. तिनं कळशी हलकेच कलती करून त्याला जाऊ दिलं. पुन्हा बुडवली, पुन्हा तोच, की दुसरा. मग ती तशीच वाकून थांबली, कळशी पाण्याशी धरून, त्यांनी बाजूला व्हायची वाट बघत.